विश्लेषण : मोठ्या शिकारीसाठी कोणते काडतूस? युरोपात शिशाऐवजी तांब्याची गोळी का?

हरीण, रानडुक्कर किंवा मूससारखा मोठा प्राणी मारायचा तर रायफलीत कोणते काडतूस घालावे, हा शिकाऱ्यांच्या गप्पांमधला शंभर वर्षे जुना विषय. आजवर तो आकार, वजन आणि ताकदीभोवती फिरत होता. आता त्यात सरकारे उतरली आहेत आणि प्रश्न गोळीच्या धातूचा झाला आहे. डेन्मार्कने १ एप्रिल २०२४ पासून शिकारी रायफलीच्या शिशाच्या गोळ्यांवर बंदी घातली. ब्रिटनने जुलै २०२५ मध्ये अशाच निर्बंधांची घोषणा करून तीन वर्षांची मुदत देऊ केली. युरोपीय महासंघातही त्याच वर्षी निर्बंधांचा मसुदा पुढे आला. हा बदल कशासाठी आणि त्याने काडतुसाची निवड अवघड का होते, याचा आढावा.

काडतूस आणि गोळी एकच का?

बोलण्यात आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण ते एक नाहीत. काडतूस म्हणजे चार गोष्टींचा जोड : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडावर बसवलेली गोळी. प्राण्यापर्यंत पोहोचते ती फक्त गोळी. पुंगळी शिकाऱ्याच्या हाताशीच राहते. पोलिसांना घटनास्थळी ‘रिकाम्या पुंगळ्या’ सापडतात त्या याच.

काडतुसाच्या नावातला आकडा गोळीच्या जाडीचा असतो, इंचात किंवा मिलिमीटरमध्ये. पण जाडीवरून ताकद कळत नाही. पुंगळीत दारू किती मावते, गोळीचे वजन किती आणि ती किती वेगाने निघते, यावर सारे अवलंबून. वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर चौपट. त्यामुळे हलकी पण वेगवान गोळी कागदावर जड गोळीला मागे टाकू शकते. जनावरात शिरल्यावर ती काय करते, हा वेगळा प्रश्न, आणि खरी मेख तिथेच आहे.

कोणत्या प्राण्यासाठी किती ताकद लागते?

अनेक देशांनी हे शिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. कमी ताकदीच्या गोळीने प्राणी मरत नाही, जखमी होऊन जंगलात पळतो आणि तासन् तास, कधी दिवसेंदिवस तडफडतो. ते टाळण्यासाठी किमान मर्यादा कायद्यात आली.

नामिबियात स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणासाठी नळीच्या तोंडाशी किमान १,३५० जूल, कुडूसारख्या मोठ्या हरणासाठी २,७०० जूल आणि हत्ती, रानरेडा यांच्यासाठी ५,४०० जूल ऊर्जा लागते. आफ्रिकेत धोकादायक प्राण्यांसाठी .३७५ हॉलंड अँड हॉलंड हे १९१२ पासूनचे काडतूस किमान मानले जाते, ते यामुळेच. त्याची १९ ग्रॅमची गोळी सुमारे ५,७०० जूल घेऊन निघते. अमेरिकेत हरणांसाठी सर्रास वापरले जाणारे ‘थर्टी-ओ-सिक्स’ चार हजार जूलच्या अलीकडे राहते.

स्वीडनचा मूससाठीचा पारंपरिक नियम जास्त बोलका आहे. मूस म्हणजे तिकडचे सर्वांत मोठे हरीण. पूर्ण वाढलेला नर चारशे-पाचशे किलोंचा भरतो. नियम असा, की गोळी ९ ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर तिच्यात किमान २,७०० जूल ऊर्जा उरायला हवी. १० ग्रॅमची किंवा जड असेल तर २,००० जूल चालतील. गणित मांडले तर पहिल्या गोळीला त्या अंतरावर सेकंदाला सुमारे ७७५ मीटर वेग लागतो, दुसरीला ६३० च्या आसपास पुरतो. एका ग्रॅमसाठी एवढी सवलत का? जड गोळी संथ असली तरी खोल जाते, हा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव त्यामागे आहे. मात्र हा अनुभव शिशाच्या गोळीचा आहे.

मग सर्वांत मोठे काडतूस घेतले की झाले?

तसे नाही. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यातले बहुतेक .२७५ रिग्बी म्हणजे ७ मिलिमीटरच्या काडतुसाने. आजच्या नियमांत ते हत्तीसाठी बसणारच नाही. जिम कॉर्बेट यांनी १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या टिपला, तोही .२७५ रायफलीनेच. बेलला हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे, हे पाठ होते आणि त्याची गोळी न फुटता सरळ आत जाणारी होती. हे कौशल्य सगळ्यांकडे नसते म्हणून कायदा मोठे काडतूस मागतो. बेलचे उदाहरण देऊन लहान काडतुसाचे समर्थन करणारे ही बाजू सोयीस्करपणे विसरतात.

उलट बाजूही आहे. काडतूस जितके ताकदवान तितका खांद्याला धक्का मोठा. धक्क्याची धास्ती बसलेला माणूस घोडा दाबण्याआधीच नकळत दचकतो आणि नेम हुकतो. फुप्फुसात बसलेली मध्यम गोळी पोटात बसलेल्या भल्यामोठ्या गोळीपेक्षा प्राण्याला लवकर मुक्त करते. त्यामुळे स्वतःला झेपेल एवढेच काडतूस घ्यावे, असे जाणकार शिकारी नवख्याला सांगतात.

शिसे वाईट कसे ठरले?

शिसे जड, मऊ आणि स्वस्त. शिकारी गोळीत शिशाचा गाभा आणि त्यावर तांब्याचे पातळ आवरण असते. टोकाशी शिसे उघडे ठेवलेले. प्राण्यावर आदळताच टोक दबते, गोळी आळंबीसारखी पसरते आणि जखम रुंद होते. प्राणी लवकर कोसळतो. दीडशे वर्षे हे सूत्र उत्तम चालले.

पण पसरताना शिशाचे कण सुटतात. हाड मध्ये आले तर गोळीचा मोठा हिस्सा चुरा होऊन मांसात विखुरतो. हा चुरा डोळ्यांना दिसत नाही, क्ष-किरणांत दिसतो. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वायोमिंगमध्ये नेहमीच्या शिशाच्या गोळ्यांनी मारलेल्या ३० हरणांची क्ष-किरण छायाचित्रे घेतली गेली. एकेका हरणात सरासरी १३६ धातूचे कण आढळले. खाटकांनी नेहमीच्या पद्धतीने मांस साफ करून खिमा बांधल्यानंतरही ३० पैकी २४ हरणांच्या मांसात कण होते. ते मांस डुकरांना खाऊ घातले तेव्हा त्यांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण वाढले. म्हणजे जखमेभोवतीचे मांस कापून टाकले की काम झाले, हा समज टिकला नाही.

शिसे शरीराला कोणत्याही प्रमाणात उपयोगाचे नाही. मुलांच्या वाढत्या मेंदूवर आणि गर्भावर त्याचा परिणाम होतो आणि त्यासाठी सुरक्षित अशी किमान पातळी सापडलेली नाही. पेट्रोलमधून, रंगांमधून ते काढून टाकण्याचे कारण हेच होते. आठवड्याला दोनदा हरणाचे मांस शिजणाऱ्या शिकारी कुटुंबातली मुले आणि गरोदर बाई यांच्यासाठी हा प्रश्न घरातला आहे.

पक्ष्यांचा संबंध काय?

शिकारी प्राणी मारल्यावर तिथेच त्याचे पोट साफ करतो आणि आतडी, काळीज वगैरे जंगलात टाकून धड घेऊन जातो. गोळी बहुतेक वेळा छातीतून गेलेली असते, त्यामुळे टाकलेल्या भागात शिशाचा चुरा भरपूर. त्यावर गरुड, गिधाडे, कावळे येतात. पक्ष्याच्या जठरातील तीव्र आम्लात शिसे विरघळते आणि रक्तात जाते. पक्षी अशक्त होतो, उडता येत नाही, उपासमारीने मरतो.

कॅलिफोर्नियातील कॉन्डॉर या महाकाय गिधाडाची कहाणी सर्वपरिचित आहे. १९८२ मध्ये जगात अवघे २२ कॉन्डॉर उरले होते. उरलेले सारे पकडून पिंजऱ्यात त्यांची पैदास केली गेली आणि १९९२ पासून पुन्हा जंगलात सोडले जाऊ लागले. आज संख्या पाचशेच्या पुढे आहे. पण जंगलात सोडलेल्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण शिसे ठरले. कॅलिफोर्नियाने २००८ मध्ये कॉन्डॉरच्या प्रदेशात आणि जुलै २०१९ पासून संपूर्ण राज्यात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या बंद केल्या. तरीही कॉन्डॉरमधील विषबाधा थांबलेली नाही. पक्षी राज्यांच्या सीमा पाळत नाही, आणि जुन्या गोळ्यांचे खोके घरोघरी पडून आहेत.

प्रश्न एका पक्ष्यापुरता नाही, हे २०२२ मधल्या दोन अभ्यासांनी दाखवले. अमेरिकेत ३८ राज्यांतील १,२१० गरुडांच्या तपासणीत जवळपास निम्म्यांच्या शरीरात वारंवार शिसे गेल्याच्या खुणा मिळाल्या. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी युरोपसाठी अंदाज मांडला, की शिशाच्या विषबाधेमुळे सुमारे ५५ हजार प्रौढ शिकारी पक्षी कमी आहेत. पांढऱ्या शेपटीच्या गरुडाची संख्या असायला हवी त्यापेक्षा १४ टक्क्यांनी कमी.

तांब्याची गोळी वेगळी कशी वागते?

पर्याय म्हणून पुढे आली ती अखंड तांब्याची किंवा तांब्याच्या मिश्रधातूची गोळी. अमेरिकेत ती १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून बाजारात आहे आणि सुरुवातीला तिचा पर्यावरणाशी काही संबंध नव्हता. न तुटता खोल जाणारी गोळी मोठ्या प्राण्यांच्या शिकाऱ्यांना हवी होती. तिच्या टोकाला पोकळी असते. आदळताच टोक चार-सहा पाकळ्यांत उलगडते. वजन जवळपास सगळे टिकते आणि मांसात चुरा राहत नाही.

अडचण घनतेची आहे. एका घन सेंटिमीटर शिशाचे वजन ११.३ ग्रॅम, तांब्याचे ९ ग्रॅमच्या किंचित खाली. म्हणजे तेवढ्याच जाडीची आणि तेवढ्याच वजनाची गोळी तांब्यात केली तर ती सुमारे चतुर्थांशाने लांब होते. लांब गोळीला हवेत स्थिर ठेवायला जास्त गिरकी लागते. ही गिरकी नळीतल्या आट्यांमुळे मिळते आणि आट्यांचा पीळ कारखान्यातच ठरलेला असतो. आजोबांच्या रायफलीचा पीळ सैल असेल तर लांब गोळी डगमगते आणि नेम पसरतो. शिवाय लांब गोळी पुंगळीत खोल बसते आणि दारूची जागा खाते.

यावर उपाय, एक पायरी हलकी गोळी घेणे. ती जास्त वेगाने निघते, आणि तांब्याला वेग हवाच असतो. बहुतेक तांब्याच्या गोळ्या सेकंदाला साडेपाचशे-सहाशे मीटरच्या खाली नीट उलगडत नाहीत. मग त्या सुईसारख्या आरपार जातात आणि प्राणी पळतो. मऊ शिसे कमी वेगातही पसरते. म्हणून तांबे वापरणाऱ्याने फार लांबून बार काढू नये. शेजारी प्राणी उभा असेल तर आणखी काळजी, कारण तांब्याची गोळी आरपार जाण्याची शक्यता जास्त.

या मर्यादा पाळल्या तर प्राणी तितक्याच लवकर पडतो का? डेन्मार्क आणि जर्मनीत प्रत्यक्ष शिकारींच्या नोंदींवरून तुलना झाली. गोळी लागल्यावर प्राणी किती अंतर पळाला, हा निकष होता. दोन्ही धातूंत मोठा फरक आढळला नाही. डेन्मार्क छऱ्यांमधले शिसे १९९६ मध्येच बंद करून मोकळा झाला होता, त्यामुळे रायफलीच्या गोळीबाबत तिथे धास्ती कमी होती.

जुने नियम आड येतात का?

येतात, आणि ही या बदलातली सर्वांत दुर्लक्षित बाजू आहे. स्वीडनचा नियम पुन्हा पाहा. तिथले लाडके ६.५ × ५५ हे काडतूस १८९४ पासूनचे. त्यातल्या दहा ग्रॅमच्या लांबट शिशाच्या गोळीने असंख्य मूस पडले. तांब्यात त्याच्या प्रचलित गोळ्या आठ ग्रॅमच्या आसपास भरतात. ९ ग्रॅमची अट अक्षरशः लावली तर चांगली वागणारी गोळी बेकायदा आणि मांसात विष पेरणारी कायदेशीर, असा उलटा प्रकार होतो.

स्कॉटलंडने हा गुंता सोडवला. १९८५ च्या आदेशानुसार तिथे लाल हरणासाठी गोळी किमान १०० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅमची लागे. (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे जुने इंग्रजी माप, धान्याच्या दाण्यावरून आलेले.) .२४३ सारख्या लोकप्रिय काडतुसात एवढ्या वजनाची तांब्याची गोळी फार लांब होते. अखेर २०२३ मध्ये ही मर्यादा ८० ग्रेनवर आणली गेली. वेग आणि ऊर्जेच्या अटी कायम राहिल्या. ब्रिटनच्या नव्या प्रस्तावात ६.१७ मिलिमीटरपेक्षा बारीक गोळ्यांना वगळले आहे, कारण तिथे शिशाला नेमाच्या दृष्टीने पुरेसा पर्याय अजून नाही.

मग विरोध कशाला?

पहिले कारण खर्च. तांब्याची काडतुसे साधारणपणे महाग, आणि जुन्या रायफलीला कोणती मानवते हे शोधण्यात दोन-चार खोकी संपतात. जुनी नळी बदलावी लागली तर खर्च आणखी वाढतो. दुसरे कारण अविश्वास : आज धातू, उद्या रायफल, अशी शंका शिकारी संघटनांना वाटते. अमेरिकेत ती थेट पक्षीय राजकारणात गेली. ओबामा सरकारच्या शेवटच्या पूर्ण दिवशी, १९ जानेवारी २०१७ रोजी, संघीय अभयारण्यांत शिशाचा दारूगोळा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश निघाला. ट्रम्प यांच्या अंतर्गत व्यवहार मंत्र्यांनी २ मार्चला, पदभार घेतल्याच्या पहिल्याच दिवशी, तो रद्द केला. नॉर्वेनेही छऱ्यांवरची सरसकट बंदी २०१५ मध्ये पाणथळ जागांपुरती मर्यादित केली. त्यामुळे ही वाटचाल एकाच दिशेने होईल, असे गृहीत धरता येत नाही.

भारतात हा प्रश्न येतो का?

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हौशी शिकारीला बंदी आहे. मात्र पिकांची नासाडी करणारी रानडुकरे, रोही यांना परवानगीने मारण्याची तरतूद आहे. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबत हा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत नेला. बिहारमध्ये मोकामा परिसरात जून २०१६ मध्ये दोनशेहून अधिक रोही नेमबाजांकरवी मारले गेले, तेव्हा मेनका गांधी आणि तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यात जाहीर खटका उडाला होता. वाद प्राणी मारावेत की नाही याचा होता. गोळी कशाची, हा नव्हता.

आपल्याकडे काडतुसाची निवड कायद्यानेच जवळजवळ संपवली आहे. लष्करी बोअर सामान्य नागरिकाला मिळू नये, हे धोरण ब्रिटिशांचे. ‘थ्री-नॉट-थ्री’ लष्कराची म्हणून नागरिकांसाठी .३१५ बोअर आली आणि स्वातंत्र्यानंतरही तीच राहिली. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल आणि पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची काडतुसे, हा संच उत्तर भारतात गावोगावी दिसतो. आयातीवर कडक निर्बंध असल्याने परवानाधारकाला काडतुसांत फारसा पर्याय नाही. .३१५ हे एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रियन लष्करी काडतुसाच्या घाटाचे, जड पण संथ गोळीचे काडतूस आहे. नळीतून निघतानाच तिचा वेग आधुनिक काडतुसांच्या बराच खाली असतो, त्यामुळे वेगावर उलगडणारी तांब्याची गोळी त्यात नुसती बदलून चालणार नाही. ती त्या वेगासाठी वेगळी घडवावी लागेल.

मेलेल्या जनावरातून गिधाडांपर्यंत विष कसे पोहोचते, हे भारताला नवे नाही. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने इथली ९० टक्क्यांहून अधिक गिधाडे संपवली. जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली. परवानगीने मारलेला वन्यप्राणी कायद्याच्या कलम ३९ नुसार राज्य सरकारची मालमत्ता ठरतो, त्यामुळे त्याचे मांस घरी नेता येत नाही. म्हणजे माणसाच्या ताटाचा धोका इथे कायदेशीर शिकारीत उरत नाही, चोरट्या शिकारीत राहतो. पक्ष्यांचे काय, हे मात्र मृतदेह खोल पुरला, जाळला की शेताच्या बांधावर टाकून दिला, यावर ठरते.